आत्याचं एकच गाणं

प्रिय वन्सं,

काल टीव्हीवर पुरस्कारांचा तो कार्यक्रम झाला. आपल्या सिनेमातल्या आत्याला पुरस्कार मिळाला नाही. हे तुम्हाला आता कोण सांगणार? ग्रुपवर सकाळपासून मेसेज पडताहेत, सगळे एकमेकांना तेच तेच सांगताहेत. मला जिला सांगायचं होतं ती मात्र घरात नाही. म्हणून शाळेतून आले, चहासुद्धा टाकला नाही, आणि लिहायला बसले.

तुम्ही असतात तर काल टीव्हीवर रिमोट फेकला असतात. खरं सांगते, मला तेच बघायचं होतं.

आठवतं, पहिल्यांदा तुम्ही यायलाच तयार नव्हतात? आमच्या शाळेतल्या बायकांनी तिकिटं काढली होती, एकीचं पोर आजारी पडलं आणि एक तिकीट उरलं. हे म्हणाले, आक्काला घेऊन जा. तुम्ही म्हणालात, गाण्याच्या सिनेमात काय बघायचं, सारखं उठून नाचत्यात. शिवाजी पेठेतल्या या घरात आपण दोघी इतकी वर्षं राहिलो, पण दोघींनी मिळून कुठं गेलो असं झालंच नव्हतं. दूध आलं का, गॅस संपत आलाय, पोरीला डबा दिला का, एवढंच आपलं बोलणं. भांडण कधी नव्हतं. पण मैत्रीही नव्हती ना?

लग्नात बँड वाजवणाऱ्या घराची ती गोष्ट. बापाच्या बँडमध्ये आपण क्लॅरिनेट वाजवणार म्हणून हट्ट धरणारी पोरगी. सगळे हिरोइनकडं बघत होते, मीसुद्धा. तुम्ही बघत होतात त्या आत्याकडं. भावाच्या घरी राहणारी, डोक्यावरून पदर घेतलेली, साऱ्या सिनेमात तिला एकच गाणं. सगळा बँड वरातीला निघून जातो, घर रिकामं होतं, आणि ती चुलीपुढं बसून भाकरी थापता थापता पोरीची ती धून तोंडानं म्हणते. घरी चालत येताना तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. मला वाटलं, आवडला नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही तांदूळ धुताना तीच धून ऐकू आली आणि मी दारातच थांबले.

पुढच्या रविवारी तुम्हीच म्हणालात, परत जायचं का?

त्या दुसऱ्या खेळाला रेश्मा भेटली. इचलकरंजीच्या लूमच्या कारखान्यात हिशेब लिहिणारी पोरगी, एसटीनं एकटीच आली होती आणि आपल्या शेजारच्या खुर्चीवर हमसून रडत होती. तुम्ही तिला पाण्याची बाटली दिलीत, मग चकली दिलीत, आणि बाहेर पडेपर्यंत तिनं आपल्याला त्या सिनेमाच्या ग्रुपवर घेतलंसुद्धा! साठी ओलांडल्यावर तुम्हाला व्हॉट्सॲप शिकवायचं काम माझ्याकडं आलं. काय वैतागायचात तुम्ही त्या बारीक अक्षरांवर.

मग नामांकनं जाहीर झाली. हिरोइनला मिळणारच, असं सगळा ग्रुप म्हणत होता. सहायक अभिनेत्रीत आत्याचंही नाव आलं, तर रेश्मानं लिहिलं, तिला कशाला, तिचं काम ते केवढं, एक गाणं आणि चार वाक्यं. आणखी कुणी लिहिलं की ती आत्या माहेरी का राहते हेसुद्धा सिनेमात सांगितलेलं नाही, म्हणजे ती भूमिका अर्धवटच आहे.

तुम्ही मला म्हणालात, हे बोलायचं बटण कुठलं ते दाखव. फोन हातात धरून, गॅसपाशी उभ्या राहून तुम्ही बोललात. मी तो आवाज अजून ऐकते.

“काय सांगायचं हुतं त्यात? आलीया माहेरी, ऱ्हातीया. कुणी इचारलंय का तिला? तुमची हिरोइन क्लॅरिनेट घिऊन बाहेर पडली, ती कुणाच्या जिवावर? मागं चूल पेटती ठेवणारी कोण तरी हाय म्हणून. बँड गेल्यावर घरात जो आवाज ऱ्हातो न्हवं, त्यो तिचा हाय. माझं मत तिला.”

मग ग्रुपवर सगळीकडून हात जोडलेले आणि लाल बदाम.

मी तेव्हा भाजी चिरत होते. हातातली सुरी तशीच राहिली. माझं बी.एड. झालं, मला नोकरी लागली, पोरगी तापानं फणफणली तरी मी शाळेत गेले, ती तुमच्या मांडीवर झोपली होती म्हणून. हे सगळं मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतंच. पण ते असं सरळ कानावर कधी पडलं नव्हतं. मी तुम्हाला तिथंच म्हणाले, “वन्सं, माझ्यामागं चूल तुम्ही पेटती ठेवलीत.”

“भात बघ,” तुम्ही म्हणालात, “खाली लागंल.” आणि पाठ केलीत. पण त्या दिवसापासून तुम्ही मला ‘मास्तरीणबाई’ म्हणायचं सोडून ‘सुनंदा’ म्हणायला लागलात, हे माझ्या लक्षात आलं होतं बरं का.

किती थोडे दिवस मिळाले हो आपल्याला! संध्याकाळी दोघी गॅलरीत बसायचो, तुम्ही वाटाणे सोलायचात आणि मी ग्रुपवरचं वाचून दाखवायचे. रेश्मा काय म्हणाली, तिला काय उत्तर द्यायचं. आत्या झालेल्या बाईंनी कार्यक्रमाला कुठली साडी नेसावी यावरसुद्धा तुमचं मत होतं. इरकलच, दुसरी कुठली नाही.

आणि छातीत दुखतंय हे मला सांगायचं नव्हतं, होय? पित्त झालंय म्हणालात. आधीही दुखायचं, असं शेजारच्या काकूंना सांगितलंत, मला नाही. का? मी शाळेला दांडी मारीन म्हणून? मारली असती. त्यात काय बिघडलं असतं? त्या सकाळी ह्यांनी रिक्षा आणली, तुम्ही जिना स्वतः उतरलात, मला म्हणालात, दुधाचं पातेलं झाकलंय का बघ. मी बघून येईपर्यंत रिक्षा सुटली. मी मागून दुसऱ्या रिक्षानं दवाखान्यात आले, तोवर सगळं संपलं होतं. या एका गोष्टीसाठी मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे, आणि राहणार आहे.

रेश्मा भेटायला आली होती. थेट स्वयंपाकघरात येऊन खाली बसली. म्हणाली, “काकी, मी मुद्दाम हिरोइनची बाजू घ्यायची. मावशी तापल्या की लई भारी बोलायच्या.” मग आम्ही दोघी तिथंच रडलो.

तुमचा भाऊ मात्र रडला नाही. दहनाला नाही, रक्षा विसर्जनाला नाही. हे कामावर जायचे, यायचे, जेवायचे. मी कार्यक्रम बघणार नव्हते. काल संध्याकाळी ह्यांनीच टीव्ही लावला. दुसऱ्याच कुठल्या सिनेमातल्या बाईचं नाव पुकारलं. कॅमेरा क्षणभर आपल्या आत्याकडं वळला, ती हसत टाळ्या वाजवत होती. साडी इरकल नव्हती. ह्यांनी विचारलं, “आक्का म्हणायची ती हीच काय?”

मी मान हलवली. मग म्हणाले, तो सिनेमा मोबाइलवर येतो का, लाव.

या माणसानं आयुष्यात गाण्याचा सिनेमा बसून बघितला नव्हता. भाकरीचं गाणं आलं तसे हे पुढं सरकून बसले. गाणं संपलं तेव्हा बघते तर डोळ्यांतून पाणी चाललेलं, पुसायचंही भान नव्हतं. म्हणाले, “आक्काला आणायला मीच गेलतो. शाळेत हुतो तवा. नानांनी मला एकट्याला धाडलं.”

लेकीला आणायला नानांनी शाळकरी पोराला धाडलं, हे मला माहीतच नव्हतं, वन्सं. तुमच्या सासरी त्या दिवशी कुणी दारापर्यंतसुद्धा आलं नाही म्हणे. ट्रंक तुम्ही दोघांनी दोन्ही कड्यांना धरून एसटी स्टँडपर्यंत नेली. तुम्ही रडला नाहीत. कागलला गाडी थांबली तेव्हा खाली उतरलात आणि ह्यांना गरम भजी घेऊन दिलीत, तुम्ही एकही खाल्लं नाहीत. घरी आल्यावर नाना म्हणाले, हा विषय आता काढायचा नाही. आणि कुणी काढलाच नाही. तुम्हीसुद्धा.

ह्यांना हे सांगताना मधेमधे थांबावं लागत होतं. मला वाटलं, इतकी वर्षं या माणसाच्या घशात ते भजं अडकून बसलंय.

आज सकाळी शेजारच्या काकू हसत सांगत आल्या, तुमचे मालक तालमीपुढच्या चहाच्या गाड्यावर भांडत होते, आमच्या आक्काच्या आत्याला डावललं म्हणून. तिथल्या कुणी तो सिनेमा बघितलेलाही नव्हता. काकू हसता हसता माझा हात धरून उभ्या राहिल्या.

वन्सं, एक शब्द देते. मे महिन्यात आपली पोरगी सुट्टीला येईल. तिला मी ह्यांच्या शेजारी बसवीन आणि ट्रंकेपासून सगळं सांगायला लावीन. ह्यांना जे सांगवणार नाही ते मी सांगीन. या घरात तुमचा विषय आता रोज निघेल. नानांनी नाही म्हटलं असलं तरी.

तुमची,
सुनंदा