दाढ दुखायची थांबली त्याबद्दल

मंगळवार, १४ मार्च, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. (दाताच्या दवाखान्यातल्या बाकावर. माझा नंबर सातवा, आत चौथा गेला आहे. त्याचा आवाज येत होता, आता येत नाही.)

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. तुमची तब्येत, छातीत बसवलेली नवी झडप आणि मामीचा गुडघा ही तिन्ही ठीक असतील असे धरून चालतो. माझे म्हणाल तर डावा गाल उजव्यापेक्षा दीड बोट पुढे आहे. (फूटपट्टीने मोजला.)

मागच्या पत्रात मी मोठ्या तोऱ्यात लिहिले होते की तुमच्या सल्ल्याने दाढ बरी झाली. लवंग धर, कळ काढ आणि डॉक्टरांची घरे भरू नकोस, असे तुम्ही बजावले होते. अकरा दिवस मी लवंग धरली, कळ काढली, आणि बाराव्या दिवशी उठलो तर दुखणे गायब. दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, हे तुम्हीच शिकवलेत. माझे गेलेही हत्तीच्याच पावलांनी. तेव्हाच शंका यायला हवी होती, पण सुखाची चौकशी कोण करतो?

त्याच आठवड्यात या दवाखान्याचे रंगकाम मिळाले. एक पाटी, आणि भिंतीवर एक तक्ता: दाढ किडली की आत काय होते. डॉक्टरबाईंनी कागदावर पेन्सिलीने चौकटी काढून दिल्या. पहिलीत जंतू भोकातून शिरतात. दुसरीत गाभ्यात पोचतात. तिसरीत शरीराच्या पांढऱ्या पेशी मदतीला धावतात. (बाई सांगतात, या पेशी जंतूला त्याच्या अंगावरच्या कवचावरून ओळखतात. एकीने ओळखले की ती हाकाटी करून दहा जणींना बोलावते, त्या दहा शंभरांना. खोली तांदळाएवढी, भिंती दगडाच्या, आणि अख्खा गाव आत. सूज येते, पण फुगायला जागा नाही. तीच ती कळ. म्हणजे अकरा दिवस मला जंतूंपेक्षा मदतीला आलेल्यांनी जास्त बडवले. भीक नको पण कुत्रा आवर!) चौथीत लिहिले होते: दुखणे थांबते.

मी भिंत मोजली, चाराने भागली आणि चार ऐसपैस चौकटी रंगवल्या. चौथीत माझ्या मनाने एक हसरा माणूस काढला. (तुमच्यावरून. मिशांसकट.) बाई येऊन बघत राहिल्या.

"हा का हसतोय?"

"दुखायचं थांबलं ना, बाई."

"अहो, नस मेली म्हणून थांबलं! कागद उलटून बघितलात का?"

उलटला. मागे अजून तीन चौकटी होत्या. जागा नाही म्हणालो, तर म्हणाल्या, "जबड्यातही नसते." शेवटी दाराच्या कडेला दाटीवाटीने बसवल्या. पाचवीत मेलेल्या नसेत जंतू निवांत संसार थाटतात आणि मुळाच्या टोकातून झिरपतात. पेशी तिथेही जमतात. जंतू मेला तरी त्याच्या कवचाच्या तुकड्यावर त्यांचा गलका चालूच राहतो, आणि त्या गलक्यात आपलेच हाड विरघळते. सहावीत पू. बाईंनी माझ्या गालाकडे बघून विचारले, "तुम्ही कितव्या चौकटीत?" एक्स-रेमध्ये माझ्या जबड्यात वाटाण्याएवढा काळा डाग निघाला. सहाव्या.

आज दाढ काढणार. मी घाबरलेलो नाही. (पाचवा आत गेला.)

आपला आज्ञाधारक भाचा

ता. क. घाबरलेलो नाही हे खोटे आहे. काल माझा नंबर आला तेव्हा मी ब्रश धुवायला म्हणून जो गेलो तो घरीच गेलो.

ता. क. दुसरा. सातवी चौकट सांगायची राहिली. तिच्यात जंतू रक्तातून हृदयाकडे जातात. ज्यांना झडप बसवली आहे त्यांना धोका फार. जंतू त्या झडपेवरच घर करतात. मामीने कळवले की तुमचीही दाढ महिनाभर दुखून गेल्या आठवड्यात आपोआप थांबली, आणि तुम्ही चारचौघांत माझा दाखला देता. मामा, तो दाखला मी परत घेतो. फोनवर दाढ म्हटले की तुम्ही फोन ठेवता, म्हणून हे सगळे लिहिले. शुक्रवारी सकाळी नऊला तुमचा नंबर पहिला लावला आहे. झडपेचे कागद आणि गोळ्यांची यादी आणा. आधी औषध देऊन मगच हात लावतील. चौथ्या चौकटीतला माणूस पुसून टाक, असे बाई रोज सांगतात. तुम्ही दारात दिसेपर्यंत मी पुसणार नाही.

हिशेब: एक्स-रे ३००, गोळ्या १८०, दिले. दाढ काढायचे ८०० तक्त्याच्या मजुरीतून वळते. तुमच्या नंबरचे १०० मी भरले आहेत. ते परत नकोत. या.