आमच्या अंगणाचा ढीग

४ मार्च
खांदे गेले! तेलाच्या मोठ्या टाकीला भोक पडलं, आमच्या गल्लीची जमीन काळी झाली, घरं रिकामी केली. तेव्हापासून हे, मी आणि सासूबाई नणंदेच्या दोन खोल्यांत. आता अंगणाची माती खणून तिचे ढीग घातलेत. पाणी मारायचं, खत टाकायचं, फावड्याने खालीवर करायचं. ज्याचं अंगण, त्याचा ढीग. माती पास झाली तर घर परत. म्हणून फावडं धरलंय. हौस नाही.

७ मार्च
माती तपासणाऱ्या बाईंनी आज समजावलं. मातीत जंतू सोडलेत. ते आपला साबण आपणच तयार करतात, त्याने तेल मातीपासून सुटतं, बारीक होतं, मग ते खातात. मी म्हटलं, "जन्म गेला तेलकट भांडी घासण्यात, तेव्हा कुठे होते हे?" बाई खोखो हसल्या. मला नाही आलं हसू. हात सोलवटलेत.

घरी सांगितलं तर सासूबाई — "लोक जंतू मारतात आणि ही पोसतेय!" मायलेकी टाळ्या देऊन हसल्या. सारख्या दोघींच्या गप्पा. मी आले की गप्प! नणंदेला काय, माहेर चालून घरी आलंय.

९ मार्च
सासूबाई आता रोज दुपारी माझा डबा घेऊन येतात. एवढी माया कुठून आली? खाल्लं. झोपते.

१५ मार्च
ताटलीत पाणी, त्यावर काळ्या तेलाचा तवंग. जंतूंचा साबण बनलाय का बघायला बाईंनी मधोमध शेजारणीच्या ढिगाच्या पाण्याचा थेंब टाकला. सासरा दारात आल्यावर सुना पळाव्यात तसं तेल कडेला पळालं! मध्ये स्वच्छ गोल. मग आमचा थेंब. तेल ढिम्म.
"मावशी, तुमचे जंतू मेलेले दिसतायत."
मेले? एवढं राबून?
हे म्हणाले, "तुझ्या हाताला यशच नाही." मग या ना तुम्ही! खुर्चीवरून बोलायला काय जातं.

१६ मार्च
काही नाही. फावडं.

१९ मार्च
डबा खाऊन हात धुवायला गेले. परत आले तर ढिगाला दवाखान्याच्या फरशीचा वास! सासूबाई वाकून फिनेल ओततायत. डब्याच्या पिशवीतून बाटली आणायच्या! रोज थोडं थोडं!
"आई! हे काय?"
"जंतू मारतेय. घरच्या मातीत नकोत मला."
बाईंनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "आजी, अहो हे आपले कामकरी आहेत. त्यांनाच मारलंत?" सासूबाई चेहरा पाडून उभ्या. वरची माती काढली, नवे जंतू घातले. पुन्हा पहिल्यापासून! घरी येईपर्यंत मी तोंडाचा पट्टा चालू ठेवला. त्या रिकामी पिशवी सांभाळत मागून चालत होत्या. वयाने आता कळत नाही त्यांना, दुसरं काय. डबा मीच नेणार यापुढे.

२८ एप्रिल
इतके दिवस लिहायला त्राण नव्हतं. आज आमचा थेंब टाकला — तेल पळालं! मूठभर माती हुंगून पाहिली. मातीसारखाच वास. बाई म्हणाल्या, असंच उलटत राहा, पुढच्या तपासणीत पास. सुटले एकदाची या दोन खोल्यांतून.

२९ एप्रिल
सकाळी सासूबाईंना म्हटलं, "आई, बांधाबांध करायला घ्या. आता घरी." त्या नणंद कामावर जाईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "ते जंतू चांगले, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं गं. लग्न झाल्यापासून लेक इतकी जवळ कधी मिळालीच नव्हती."

बाईंना निरोप धाडला — ताप आलाय, ढीग उलटायला येत नाही.
ताप नाही.