टाचेखालची गादी

इचोडा

प्रिय प्रयाग,

पत्र पाहून हसशील. पण फोन केला की नेहा स्पीकर लावते, जावईबापू शेजारी बसलेले असतात, मग मी आपला भाजीचे भाव सांगून फोन ठेवतो. लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात तू माहेरी जैनथला गेलीस तेव्हा लिहिलं होतं, त्यानंतर आजच. तू हैदराबादहून, लेकीकडून, घरी कधी येणार, हे मला फोनवर विचारता येत नाही.

नवं लग्न होतं तेव्हा बाजारातून येताना तुझ्या चालीपुढे मी मागे पडायचो. डोक्यावर वांग्यांची पाटी, तरी वळून म्हणायचीस, "लवकर चाला न, जेवले नाई काय?" ते ऐकायला मी मुद्दाम हळू चालायचो, हे तुला ठाऊक नाही.

मग या वयात तुझी टाच धरली. सकाळी खाटेवरून पाय टेकला की तू भिंत धरायचीस. आदिलाबादच्या डॉक्टरांनी बुटात घालायच्या मऊ गाद्या दिल्या, घरातही अनवाणी उभं राहू नका म्हणाले. तू लुगड्यावर बूट घालून बाजारात निघालीस, शेजारची भागाबाई तोंडाला पदर लावून हसली, तरी तू हटली नाहीस. अडलं ते स्वयंपाकघरात. "माह्या देवापुढं बूट घालून पोळ्या लाटू काय?" म्हणालीस आणि त्या गार फरशीवर अनवाणीच उभी राहिलीस. मग तू नेहाकडे गेलीस, तिथे देव वेगळ्या खोलीत. तिनं घरात घालायला निराळे बूट घेतले, त्यात गाद्या बसवल्या, आणि तुझं लंगडणं गेलं. दिवाळीला इकडे आलीस तर पुन्हा भिंत धरलीस.

परत गेलीस, तेव्हापासून नुसतं 'पाहू' म्हणतेस. मला कळतं गं, पण घर खायला उठतं. मी केलेल्या भाजीत तिखट जास्त पडतं आणि रागवायला कुणी नसतं.

म्हणून हे लिहितोय. काल पांडुरंगराव गुरुजींना बोलावलं, रीतसर पूजा केली आणि देव समोरच्या खोलीत आणले. आईनं बसवलेले देव हलवताना जिवावर आलं, खोटं सांगत नाही. पण तिच्या देवांपायी तू परगावी राहावंस, हे तिलाही पटलं नसतं. आता खुशाल बूट घालून पोळ्या लाट. स्वयंपाकघरातला देवांचा कोनाडा रिकामा झालाय. तिथे काय ठेवायचं, ते तू येऊन सांग.

वाट पाहणारा, तुझाच
अमृत