जपानी प्रेम आणि सोसायटीचं पार्किंग

ती. वसुधामावशीला,
तुझ्या वाया गेलेल्या भाच्याचा आयर्लंडातल्या शॅननहून वाकून नमस्कार. तुझं बीपी कसं आहे? हे पत्र गोळी घेऊन मगच वाच. (व्हॉट्सॲपवरच कळवलं असतं, पण तू मेसेज मोठ्यांदा वाचतेस आणि शेजारी आजी बसलेली असते.) इकडे मी आणि रविंद्रमामा दोघंही ग्रँड, इथे 'मजेत'ला असंच म्हणतात. म्हणजे मामा ग्रँड, मी जरा तोंडावर आपटलोय.

तर झालं असं. मी ज्या जपानी हॉटेलात भांडी घासतो, तिथल्या आचाऱ्याने मला पेनड्राइव्हवर एक जपानी सिरियल दिली. पन्नाशीतला एक विधुर आणि डबे विकणारी एक बाई हळूहळू प्रेमात पडतात, अशी. खाली इंग्रजी अक्षरं वगैरे काही नाही. आणि मी मामाला आधीच थाप मारून ठेवलेली की भांडी घासता घासता मला जपानी येऊ लागलंय. (येतात फक्त दोन शब्द, 'लवकर' आणि 'परत घास'.) मामा म्हणाला, मग लाव की, सांग आम्हाला अर्थ.

'आम्हाला' म्हणजे त्याला आणि स्नेहलताकाकूंना. मामाच्याच कंपनीत आहेत, घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली, रविवारी दुपारी चहाला येतात. मामी गेल्यापासून मामा रविवारी इस्त्री सोडून काही करत नव्हता. आता काकू यायच्या दिवशी तो इस्त्री केलेला शर्ट घालून बसायला लागला, तेव्हा मी सावध झालो. मावशी, खरं सांगतो, मला मामाची नाही, माझ्या खोलीची काळजी. यांचं जमलं तर मला कोण ठेवून घेणार? त्यात आपल्या हाताने यांना प्रेमाची सिरियल दाखवायची म्हणजे पायावर धोंडा.

म्हणून मी अर्थच बदलला. म्हटलं, ही सोसायटीच्या पार्किंगची गोष्ट आहे. ती सेक्रेटरी, तो तिच्या जागेत स्कूटर लावतो. हिरोने तिच्या डोक्यावर छत्री धरली, मी सांगितलं, 'शेड कुणी पाडली' विचारतोय. ती रडली, मी म्हटलं, मीटिंगला कोरम भरला नाही. मामा अर्धं आयुष्य पुण्यातल्या सोसायटीत राहिलेला, तो इतका रंगला की विचारू नकोस. "बरोबर आहे तिचं, नियम म्हणजे नियम," म्हणायचा आणि हसून हसून डोळे पुसायचा. काकू मात्र शांतपणे विचारायच्या, "ओजस, आत्ता ती बरंच लांब बोलली रे. काय म्हणाली?" मी म्हणायचो, नोटीस वाचली. "आणि लाजली का मग?" खाली सही करायची राहिली म्हणून, काकू.

गेल्या रविवारी शेवटचा भाग. हिरो स्टेशनवर तिच्यासमोर उभा राहून काहीतरी पुटपुटला. मी ठोकून दिलं, फ्लॅट विकून चाललो म्हणतोय. काकूंनी कप खाली ठेवला.

"नाही रे. तो म्हणतोय, एकट्याने जेवायची सवय लागलीये, ती मोडायचीये. तुमच्याकडे जेवायला येऊ का?"

काकू पुण्यात वर्षानुवर्षं एका कंपनीत जपानी कागदांची भाषांतरं करायच्या, मावशी. पुण्यात दर तिसऱ्या घरात कुणीतरी जपानी शिकलेलं असतं, हे मला आठवायला नको? मी रिमोटचं बटण दाबलं, घाबरून. हिरो तोंड उघडं ठेवून थांबला, मीही तसाच.

मामाने टीव्हीकडे बघितलं, मग काकूंकडे. "मग ती काय म्हणाली?"

"ती अजून काहीच बोलली नाहीये. तो नीट विचारतोय का, ते बघतीये."

मामा शर्टाची बाही सरळ करत बसला. मग म्हणाला, "रविवारचं काय, रोज या जेवायला."

मी नंतर काकूंना विचारलं, पहिल्याच दिवशी माझा कान का नाही धरलात? म्हणाल्या, "तुझ्या थापांना हे इतके हसायचे. मी तेच बघायला येत होते." घे. ज्या गोष्टीने मोडायला निघालो, तिनेच जमवलं. आता काकू म्हणू की मामी, हे कळेना, म्हणून मी सध्या त्यांना नुसतं 'अहो' म्हणतो. तेही मामाला खटकतं.

तुझा,
ओजस

ता. क. खोली माझीच राहणार आहे. मामींनी (बघ, लिहिलं) सांगितलंय, पण स्वयंपाकाला हात लावायचा या अटीवर.

ता. क. २. खरं काम हे. आजीला सांगायचं मामाचं धाडस होत नाही. तू सांग. आणि इथे लग्नाला दोन साक्षीदार लागतात. एक मी. माझ्या शब्दावर कुणाचा विश्वास बसणार, म्हणून दुसरी तू ये.

ता. क. ३. आजीला सांगू नकोस, नुसती ये. मामाने आत्ताच तिला स्पीकरवर फोन केला, मी दाराला कान लावून होतो. आजीने विचारलं, "तुझं घोरणं तिला चालतं का?" मामा म्हणाला, अजून तिला माहीत नाही. आजी म्हणाली, "मग लवकर उरकून घ्या."