सेनापतीने बंदूक का टाकली?

४ नोव्हेंबर

बाबांचं दृश्य उडवणार म्हणे! रविवारी आमच्या प्रेक्षक-मंडळाचं न्यायालय. जुन्या अंतराळ-मालिकेत ज्यांचा उलगडाच होत नाही अशा गोष्टींचा निवाडा — कोडं की घोडचूक? घोडचूक ठरलं, की मालिकेच्या नव्या प्रतीतून कापणार. तीन पंच, त्यातली एक मी. हौसेने झाले, आता भोगा!

पहिलाच खटला हा. शत्रूचा सेनापती शास्त्रज्ञ बाईवर बंदूक रोखतो. मध्येच बंदूक टाकतो आणि तिचं हेल्मेट उपसून काढतो. विषारी हवेत! ती मरत नाही. सेनापती पुढच्या भागापासून गायब. का? कुणास ठाऊक.

सेनापती म्हणजे माझे बाबा. शास्त्रज्ञ म्हणजे आई. आई आता या जगात नाही, आणि दोघांचं एकत्र असं तेवढं एकच दृश्य आहे.

५ नोव्हेंबर

बाबांना विचारलं. "घोडचूक म्हण आणि मोकळी हो." पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही! असा संताप आला.

मामा जेवायला होता. आईचा थोरला भाऊ. मालिकेचे पोशाख त्यानेच केलेले. एरवी त्याच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही. आज नुसता भाजी चिवडत बसला.

६ नोव्हेंबर

दुसरा पंच, तो दंतवैद्य, फोनवर — "रागावू नका, पण नट त्या दिवशी प्यायला होता असं ऐकलंय." माझे बाबा? ज्यांना खोकल्याचं औषधही चढतं! फोन आदळला.

७ नोव्हेंबर

बाबांना फैलावर घेतलं. दारुडा म्हणतायत, तरी तोंडाला कुलूप?

तेव्हा बोलले. मालिका थेट प्रक्षेपित व्हायची, रिटेक नाही. ग्रहासाठी स्टुडिओभर धूर. तालमीत आई खोकून बेजार झाली, म्हणून मामाने मायेपोटी हेल्मेटची भोकं आतून चिकटपट्टीने बंद केली. धूर अडला — आणि हवाही! आईचे डोळे पांढरे झालेले फक्त समोरच्या बाबांना दिसले. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाने 'प्यायलेला' म्हणून हाकललं. पट्ट्या बाबांनी आधीच ओरबाडून खिशात घातल्या होत्या.

"मग सांगितलं का नाही?"

"तुझ्या आईने शपथ घातली. दादाला कळलं तर तो पुन्हा कात्री हातात धरणार नाही, म्हणाली."

आता मी काय करू? बोलले तर मामा मोडेल. गप्प बसले तर बाबा दारुडे आणि दृश्य कचऱ्यात. इकडे आड, तिकडे विहीर.

८ नोव्हेंबर, सकाळी

गप्पच बसणार. मत 'कोडं', कारण विचारलं तर नाही सांगत, जा! बाबा येणारच, आता मामाही येतो म्हणाला.

८ नोव्हेंबर, घरी आल्यावर

दंतवैद्य म्हणाला, "घोडचूक." मी तोंड उघडणार तोच मागून मामा उभा राहिला.

"पट्ट्या मी लावल्या होत्या. हेल्मेट परत आलं तेव्हा आत एकही नव्हती. मला त्याच दिवशी सगळं कळलं."

त्याच दिवशी! म्हणजे बाबांना हाकललं तेव्हा हा सगळं माहीत असून गप्प उभा होता.

दृश्य राहिलं. बाबा मामाला हाताला धरून घरी घेऊन आले. मी त्याच्याशी अजून एक शब्द बोललेली नाही.