दोन पलंगांची खोली

४ फेब्रुवारी

लाडक्या मैनेस,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण उजवा गुडघा वाकत नाही. तेव्हा उभ्याउभ्याच घे. मी बरी आहे. घरचे सगळे आपापल्या फोनमध्ये सुखरूप आहेत.

पत्राचं कारण म्हणजे हॉटेल. ग्रुपवर काही ठरत नाही. आपली रेडिओ मोठ्या बाईंनी ठेवलेल्या नावाला जागून एकटीच बोलत सुटते, आपली घड्याळ मिनिटं मोजत तिच्या चुका काढते आणि तू नुसते अंगठे पाठवतेस. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आपण चौघी मांडीला मांडी लावून बसत होतो, दिवसाला हजार माणसांची गाठ घालून देत होतो. आता आपल्याच चौघींची तीन दिवसांची सहल आपल्याला जुळवता येईना! आपल्या सुपरवायझर मोठ्या बाई असत्या तर नुसता चष्मा खाली करून त्यांनी निकाल लावला असता.

तर ऐक. रेडिओला हवंय ते हॉटेल शहराबाहेर आहे. फोटोत पोहायचा तलाव दिसतो, निळाशार. आपल्यापैकी पोहता एकीलाही येत नाही. शिवाय तिथून शहरात जायला बसने तास, यायला तास. म्हणजे सहल बसमध्येच व्हायची. घड्याळने शोधलंय ते बसस्थानकाला चिकटून, आणि स्वस्त म्हणजे फारच स्वस्त. का, ते खालच्या बारीक अक्षरात आहे : एका खोलीत आठ जण, पलंगांवर पलंग. साठी उलटलेल्या बायका शिडी चढून झोपायला जाणार, आणि उतरताना पाय घसरला तर सहल थेट हॉस्पिटलात.

मी शोधलंय ते मधलं. मोठ्या चौकामागच्या गल्लीत, तिसरा मजला, खोल्या लहान, दर आपल्याला झेपेल असा. संग्रहालय, नाट्यगृह, नदीवरचा पूल, सगळं चालत. चौकातली दुकानं तर दारातच. फोटो मात्र अंधारात काढल्यासारखे आहेत, म्हणून मी स्वतः जाऊन बघून येते. मला काय, दोन तासांचा तर रस्ता.

एक विनंती. तुम्ही तिघी काय ते वाटून घ्या, पण मला एकटीची खोली हवी. मला खोकला आहे. पहाटे चारला जाग येते, मग मी दिवा लावते, कपाटं उघडते. कुणाला त्रास नको. घड्याळ म्हणाली, ‘एकटीची खोली महाग पडते, कशाला हे चोचले?’ पडू दे. वरचे पैसे मी भरीन.

रेडिओ सारखी म्हणते, एकतीस वर्षांपूर्वी राहून गेलेली हीच ती सहल. तीच कशी असेल? तेव्हाच्या आपण तरी आता कुठे आहोत? पण ते असो.

तब्येतीला जप. तुझ्याकडे थंडी कशी आहे?

तुझी,
बारकी


१९ फेब्रुवारी

प्रिय मैना,

तुझं पत्र आलं. चारदा वाचलं. ‘तुझा खोकला मी पस्तीस वर्षं ओळखते, तो सोयीनुसार येतो,’ हे वाचून हसले. ‘वेगळी खोलीबिली काही नाही. रेडिओ आणि घड्याळ एका खोलीत भांडतील, आपण दोघी एका खोलीत बोलू. दिवा मालवल्यावर तुझ्याशी बोलायचं म्हणून तर मी येतेय.’ हे वाचून मात्र हसले नाही.

मंगळवारी हॉटेल बघून आले. आधी तेच सांगते.

गल्ली अरुंद आहे, पण अंधारी नाही. खाली चष्म्याचं दुकान, वर एक शिकवणी, त्याच्या वर हॉटेल. लिफ्ट दोन माणसांची. तिसरं असलं तर त्याने श्वास सोडायचा नाही. काउंटरवर एक मुलगी होती, केसांना पेन्सिल खोचलेली. म्हणाली, “काकू, एकटीची खोली उरलेली नाही. दोन पलंगांच्या दोन आहेत. बघून तर घ्या.”

खोली लहान. दोन पलंग, मध्ये हातभर जागा. पांढऱ्या चादरी, एक आरसा, खिडकीत उंबऱ्याएवढा कट्टा. खिडकी उघडली आणि मैना, मी विसरलेच की मी खोली बघायला आले आहे. खाली सगळा चौक. माणसं इतकी सावकाश चाललेली की जणू पाण्याखालून. एक म्हातारा बाकावर टोपी तोंडावर ओढून झोपलेला. कारंजं बंद होतं, तरी त्याच्या कडेवर एक मुलगी हात बुडवल्यासारखा करून बसली होती. समोरच्या इमारतीच्या काचांवरून ऊन उडून आपल्या खोलीच्या छतावर आलं होतं आणि तिथे हलत होतं. मी ‘आपल्या’ लिहिलं बघ.

गादी बघावी म्हणून जरा टेकले. आणि डोळा लागला. भर दुपारी, परक्या खोलीत, चपला घालून!

स्वप्न पडलं. एक्स्चेंजमधला आपला फोन जोडायचा बोर्ड होता, पण त्याला शेवटच नव्हता. चौकातल्या प्रत्येक खिडकीचा एकेक दिवा त्याच्यावर लागलेला. तुम्ही तिघी कॉर्ड उचलून जोडत होतात, गाणं म्हटल्यासारखं. तू म्हणत होतीस, “बोला, जोडून दिलंय.” मोठ्या बाईंनी त्या आवाजावरूनच तुला मैना म्हटलं ना? माझ्यापुढे एकच दिवा लागला होता. मला तो दिसत होता आणि मी हात मांडीवर ठेवून बसले होते. तू माझ्याकडे वळून नुसती हसलीस. रागावली असतीस तर बरं झालं असतं.

मुलीने दार वाजवलं. “काकू, घेताय ना?” मी म्हटलं, “घेते. दोन्ही.”

म्हणजे खोली आपल्या दोघींच्या नावावर आहे. आणि तिथे तू शेजारच्या पलंगावर पडून बोलायला लागायच्या आधी तुला हे माहीत असायला हवं.

तू पत्राच्या शेवटी सहज लिहिलंस : ‘दादाच्या मुलाचं पत्र आलं होतं. दादा रोज विचारतो म्हणे, आत्याचं काही आलं का. विचारू दे. आई जाताना ज्याला एक फोन वेळेवर करता आला नाही, त्याला आता बहीण आठवते.’

मैना, दादाने फोन वेळेवर केला होता.

त्या राहून गेलेल्या सहलीच्या दिवशी, साडेतीनला. आपली बस संध्याकाळी सातची होती. तू तासाभराची सुट्टी घेऊन चपला आणायला बाजारात गेली होतीस. तुझ्या बोर्डवर मी बसले होते. दादा गावच्या पोस्टातून बोलत होता. म्हणाला, “आईचं काही खरं नाही. तिला सव्वाचारच्या गाडीत बसवा.” मी म्हटलं, “सांगते.”

त्या वर्षात तसे दोन फोन आधी येऊन गेले होते. दोन्ही वेळा तू धावत गेलीस आणि आई उठून बसली होती. मी स्वतःला म्हटलं, तिसराही तसाच असेल. इतकी वर्षं स्वतःला हेच सांगत आले. पण त्याच्या खाली दुसरं होतं. तू गेलीस तर सहल मोडणार होती. मी त्या वेळेपर्यंत कुठेही गेले नव्हते, मैना. घर, एक्स्चेंज, घर. दोन महिने मी तेव्हाच्या हॉटेलचं पत्रक उशाखाली ठेवून झोपत होते.

तू पावणेचारला आलीस. आल्या आल्या पाय उचलून माझ्या खुर्चीवर ठेवलास, नवा पट्टा दाखवायला. “चालून चालून शहर झिजवते की नाही बघ,” म्हणालीस. मी म्हटलं, छान आहेत. सव्वाचार वाजताना मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मग गाडी गेली. मग सांगायलाच कसं?

पाच वीसला दादाचा पुन्हा फोन आला. “निघाली ना ती?” मी लाइन तोडली. आणि तुला सांगितलं, आत्ताच फोन आलाय. तेव्हा गाडी नव्हती. तू दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलीस, आणि आई पहाटेच गेली होती.

आठवड्याने कामावर आल्यावर तू मला विचारलंस, “बारके, नीट आठवून सांग. दादा म्हणतो, साडेतीनला कळवलं होतं. फोन किती वाजता आला?”

मी म्हटलं, “पाच वीस.”

तेवढ्या दोन शब्दांवर तू त्याला खोटारडा म्हटलंस, त्या घरी जायचं सोडलंस. मी बघत होते. दर वर्षी वाटायचं, या वर्षी सांगू. मग वाटायचं, आता इतकं जुनं झालं, कशाला खपली काढा. खपली माझी नव्हतीच. मला ती काढताना काय दुखणार होतं? भित्रेपणा, दुसरं काही नाही.

क्षमा माग म्हणून मन सांगतं, पण ती मागून तुझ्यावर आणखी एक काम टाकू नये असं वाटतं. दादा हयात आहे, रोज विचारतो आहे, एवढं मात्र पुन्हा लिहिते.

खोली एक तारखेपर्यंत रद्द करता येते; हॉटेलचा फोन नंबर पत्राच्या मागे लिहिला आहे. तू कळवलं नाहीस तर मी ती तशीच ठेवीन.

बारकी


७ मार्च, सकाळ

मैना,

कळवलं नाहीस, म्हणून खोली ठेवली. काल आम्ही तिघी आलो. तू बसस्थानकावर नव्हतीस, तेव्हा रेडिओ विचारायला लागली. मग चौकातल्या बाकावर बसवून दोघींना सगळं सांगितलं. रेडिओ गप्प झाली. इतकी गप्प की मीच घाबरले. घड्याळ म्हणाली, “आज मी तुझ्याशी बोलणार नाही. उद्या बोलेन.” आज सकाळी सातला तिने दार वाजवलं आणि म्हणाली, “ऊठ. संग्रहालय नऊला उघडतं.” तिचं सगळं असं वेळेवर.

मी त्यांना पुढे पाठवलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर बसले. कारंजं आज चालू होतं. उन्हात त्याचे थेंब वरच्या वर राहिल्यासारखे वाटत होते, खाली यायचं विसरल्यासारखे. तेवढ्यात खोलीतला फोन वाजला. मला वाटलं, रेडिओ काहीतरी विसरली असेल.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, “काकू, बाहेरचा फोन आहे, देते.” पलीकडे एक म्हातारा आवाज. दम लागलेला.

“तुम्ही एक्स्चेंजमधल्या का? बारकी म्हणतात त्या?”

“हो.”

“मी मैनाचा दादा. ती काल संध्याकाळी आली. तुमचं पत्र तिने मला वाचून दाखवलं. माझे डोळे आता वाचत नाहीत. पण मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. मी साडेतीनला फोन केला होता ना?”

“हो, दादा. साडेतीनला.”

“आणि नंतर पाचच्या पुढे?”

“पाच वीसला. दोन्ही मीच घेतले.”

त्याने त्या दोन्ही वेळा स्वतःशीच पुन्हा म्हटल्या. मग म्हणाला, “मला वाटायला लागलं होतं बाई, की माझंच चुकलं असेल. मीच उशीर केला असेन आणि मनाने वेळ बदलली असेल. बायकोसुद्धा शेवटी शेवटी म्हणायची, सोडा, झाला असेल उशीर.” मी काहीतरी म्हणायला गेले, तर म्हणाला, “नको. एवढंच पाहिजे होतं. हे घे गं.”

ते ‘घे गं’ तुला होतं.

तू म्हणालीस, “बारके.” इतक्या वर्षांनी फोनवर तुझा आवाज तसाच येतो, माहीत आहे? “मला तुझ्याशी बोलायचं नाहीये. इतक्यात तरी नाही.”

मी म्हटलं, “बरं.”

“पण फोन ठेवू नकोस.”

मी ठेवला नाही. तूही नाही. तुमच्या घरात कुणीतरी भांडी लावत होतं. दादा खोकत होता. दूरवर एक दार दोनदा वाजलं. मग एका पुरुषाचा आवाज, तुझ्या भाच्याचाच असणार, जवळ येत म्हणाला, “आत्या, पाणी तापलंय, आंघोळीला जातेस का?” आणि तू रिसीव्हरवर हात न ठेवताच म्हणालीस, “आले रे.” मग फोन बंद झाला. किती वेळ गेला, मी पाहिलं नाही. माझ्या हातातला रिसीव्हर गरम झाला होता.

आता खाली जाते. त्या दोघी संग्रहालयाच्या पायऱ्यांवर थांबल्या असतील. उद्या संध्याकाळी आम्ही परत निघू. हे पत्र दादाच्या पत्त्यावर टाकते आहे; तू अजून तिथेच असावीस, अशी इच्छा आहे.

तू बोलशील त्या दिवसापर्यंत गप्प राहणारी,
आणि या वेळी खरं सांगून गप्प राहणारी,

बारकी