जास्तीची तार

सोमवार, ३

नवं घर, नवी नोकरी, नवी वही. सामान अजून खोक्यांतच आहे, पण चहाचं पातेलं सापडलं. पातेलं सापडलं म्हणजे संसार लागला, असं नवऱ्याचं म्हणणं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे गाडीपुरती पत्र्याची शेड. पुढच्या खोलीची खिडकी बरोबर शेडमध्ये उघडते. नवऱ्याने ती खोली लगेच बळकावली. मुद्रितं तपासायला त्याला उजेड लागतो आणि बसल्या जागी माझ्यावर नजर ठेवायला खिडकी, असं तो म्हणतो.

नोकरी पॅथॉलॉजी लॅबची. घरोघर जाऊन लोकांचं रक्त काढून आणायचं, म्हणून गाडी हवीच होती. ती काल घेतली. जुनी आहे, पण नीट ठेवलेली. विकणाऱ्या काकू गावाच्या दुसऱ्या टोकाला एकट्याच राहतात. घासाघीस अजिबात केली नाही. किल्ली फाटकावरूनच दिली आणि लगेच आत गेल्या. आम्ही चहाची वाट बघत उभे राहिलो होतो, त्यामुळे जरा हसंच झालं.

हॉर्न वाजत नाही. डावी काच अर्ध्यात अडकते. म्हणजे माझ्या रविवारांची सोय झाली.

बुधवार, ५

आज गाडीला कॅमेरा बसवला. अनोळखी गावात एकटीने फिरायचं, तर समोरचा रस्ता टिपला जावा ही लॅबची अट.

गाडीची बारीकसारीक कामं मी स्वतःच करते. आधीच्या गाडीचे बरेच फ्यूज जाळून ही विद्या मिळवली आहे. नवरा मला मिस्त्रीणबाई म्हणतो. छताच्या कडेने वायर दडपत आणली, दाराशेजारच्या खांबाचं प्लॅस्टिक काढून खाली उतरवली. गाडी बंद असतानाही कॅमेरा चालायला हवा, म्हणजे त्याला कायम जिवंत असलेली तार लागते. ती शोधताना स्टिअरिंगखाली, फ्यूजबॉक्सच्या मागे एक जास्तीची तार सापडली. जाड, तपकिरी, कापडी टेपने टोक बांधलेलं. गाडीच्या पुस्तकातल्या नकाशात ती नाहीच. टेस्टर लावला तर दिवा लख्ख लागला. म्हटलं, आयतंच झालं, कुठल्या फ्यूजला हात लावायला नको.

टेप काढून उघडं टोक नवऱ्याच्या चिमटीत दिलं आणि जोडणीची नळी शोधायला लागले. मुंगी चावली, असं तो म्हणाला. बारा व्होल्ट कोरड्या हाताला कळतसुद्धा नाहीत, असं मी सांगितलं. तो मुंगीचा आणि माझा प्रश्न आहे, असं त्याने उत्तर दिलं.

कॅमेरा छान चालतो.

शनिवार, ८

रक्ताच्या नमुन्यांसाठी लॅबने थंड पेटी दिली. तीही त्याच तारेवर घेतली, मध्ये फ्यूज टाकून. हॉर्न जुना कुजला होता, नवा लावला. त्याची मूळ तार कुठेतरी तुटलेली, शोधायचा कंटाळा आला म्हणून तोही तिथेच जोडला. एका तारेवर तीन वस्तू, तरी ती गरमसुद्धा होत नाही. काच मात्र अजून अर्ध्यातच.

मंगळवार, ११

कामाचा दुसरा दिवस. वळणावर सायकलवाला खांद्यावर शिडी घेऊन मध्येच आला, कचकन ब्रेक मारला. नमुने वाचले, तोही वाचला.

घरी येऊन पर्स ठेवते न ठेवते तोच नवऱ्याने विचारलं, शिडीवाल्याला लागलं तर नाही ना. दुपारी डोळा लागला होता, स्वप्न पडलं म्हणाला. मी कपाळावर हात मारला. आता थापा मारायचीही सोय राहिली नाही, असं म्हणून दोघंही खूप हसलो.

शुक्रवार, १४

नवरा दोन स्वेटर घालून बसतो. बाहेर घाम येतोय, आणि याचे हात बर्फासारखे. ताप नाही. उलट थर्मामीटर चढतच नाही.

मुद्रितांमध्ये ओळीच्या ओळी सुटल्या म्हणून छापखान्यातून फोन आला. त्याच्या कामात असं कधी झालेलं नाही. कागदावरची अक्षरं अंगावर धावून येतात, मग बाजूने निघून जातात, असं तो म्हणाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिवे मारून तपासलं. डोळे ठणठणीत आहेत, विश्रांती घ्या.

गाडीत येताना मात्र तो अगदी बरा होता. समोरच्या पाट्या माझ्याआधी वाचत होता. डोळे मिटून वाचत होता, हे माझ्या लक्षात आलं ते घरी पोचल्यावर.

सोमवार, १७

 जमेल तसं लिहिते.

चौकात पुढची गाडी हलेना म्हणून हॉर्न दाबला. बॉनेटखालून "अगं" असं आलं.

त्याचा आवाज. मला हाक मारतो तो. रस्त्यावरच्या एका बाईने वळून पाहिलं, म्हणजे तिलाही ऐकू आलं. पुन्हा दाबला. "अगं." नमुने तसेच घेऊन घरी आले.

तो टेबलाशी बसला होता. ओठ हलत होते, आवाज नाही. डोळे उघडे, पण मी समोर उभी राहिले तरी माझ्यावर ठरेनात. त्याच्या हातात पेन्सिल दिली. चाचपडत त्याने लिहिलं: पत्रा दिसतो. गंजलेला. तू दिसत नाहीस.

गाडी मी शेडच्या पत्र्याकडे तोंड करून लावली होती.

मंगळवार, १८

सकाळी सगळं उपटून काढलं. कॅमेरा, पेटी, हॉर्न, सगळं. धावत आत गेले. त्याने लिहिलं: आता पत्राही नाही.

तो बराही झाला नाही, कोमटही झाला नाही. तार आता कशालाच जोडलेली नव्हती, तरी मीटरवर तिच्यातून प्रवाह जाताना दिसत होता. मग बॅटरीच सोडवली. खिडकीतून तो मला दिसत होता. पाना फिरला, टर्मिनल निघालं, आणि तो पुढच्या पुढे टेबलावर आडवा झाला.

नाडी शोधणं हे माझं रोजचं काम. मनगटात नाही, गळ्यात नाही. कुठेच नाही.

पळत परत गेले, टर्मिनल दाबून धरलं. आतून श्वास ऐकू आला. बुडालेला माणूस वर आल्यावर घेतो तसा.

कॅमेरा परत जोडला. गाडी उलटी लावली, तोंड खिडकीकडे. आता त्याला खिडकी दिसते आणि खिडकीत तो स्वतः. बराच वेळ बघत बसला. मग हात वर नेऊन हळूच केस सारखे केले. मी पाठ फिरवून रडून घेतलं. हॉर्न मात्र जोडला नाही. ती हाक पुन्हा नको.

बुधवार, १९

डॉक्टर घरी आले. दवाखान्यात हलवा म्हणाले. अॅम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी पोचली तोच त्याचा श्वास अडकायला लागला. परवापर्यंत मी गाडी गावभर फिरवत होते तेव्हा असं होत नव्हतं; तारेची पकड घट्ट होत चाललीय. मी ओरडून अॅम्ब्युलन्स मागे घ्यायला लावली. घराशी आल्यावर तो पुन्हा श्वास घ्यायला लागला. पुढे नेऊ देईना म्हणून ड्रायव्हर माझ्यावर चिडला, सही घेऊन गेला.

नणंदेचा फोन आला, भावाला आमच्याकडे पाठव म्हणाली. काय सांगू तिला?

मग वायरिंगवाल्याला बोलावलं. त्याने गालिचा उचलून त्या तारेचा माग काढला. दाराच्या खांबात शिरते, म्हणाला, पुढे कुठेच निघत नाही. "ताई, हिला दुसरं टोकच नाही." हात पुसले आणि पैसे न घेताच गेला.

गुरुवार, २०

शेजारणीला त्याच्यापाशी बसवलं, रिक्षाने काकूंकडे गेले. मला बघताच त्या दारातच खाली बसल्या.

"सोडवलीत ती? टेप काढलीत?"

मी हो म्हटलं.

"उघडं टोक कुणी धरलं होतं?"

मी सांगितलं. त्यांनी तोंडावर पदर दाबला. त्यांच्या यजमानांनी गाडीत पंखा बसवायला घेतला होता. पहिल्यांदा उघड्या तारेला ज्याचा हात लागतो, त्याला ती धरते. मग बॅटरी आहे तोवर माणूस आहे. एके दिवशी बॅटरी बसली.

त्याला सोडवायचं कसं, मी विचारलं. दोन वेळा विचारलं.

"ती एका वेळी एकालाच धरते. दुसऱ्याने उघडी तार धरली तर पहिला सुटतो. यजमानांच्या वेळी मी धरायला हवी होती. हात तिथपर्यंत नेला होता हो मी." आणि पुढे, "घरात ठेवणं सहन होईना. म्हणून विकली."

त्यांना शिव्या द्यायच्या ठरवून गेले होते. एकही आठवली नाही.

नवऱ्याला यातलं काही सांगितलेलं नाही. ऐकू येतं त्याला. कळलं तर बॅटरी काढ म्हणून लिहील.

शुक्रवार, २१

बॅटरी उतरतेय. तार आता जास्त ओढते. दुसरी नवी बॅटरी आणून शेजारी जोडली. जेवणवेळेपर्यंत तीही बसली. चार्जर लावला, जळाला.

इंजिन चालू ठेवलंय. चालू आहे तोवर पुरतं. जेमतेम. इंजिन मंदावलं की तोही मंदावतो. खिडकीतून दिसतं.

पेट्रोल डब्यातून आणते. चालू गाडीत ओतते. शेजारीण ओरडली, पेटवून घेशील. घेईन.

शनिवार, २२

नख निळं. बोलावलं तर बोट हलवतो. आता तेही नाही.

इंजिन अडखळतंय. पट्टा चिरकतोय. गरम झालंय. बंद करून थंड करता येत नाही. बंद करता येत नाही.

काकूंनी हात मागे घेतला. मी नाही घेणार.

विचार करून ठेवलाय. तार मी धरायची. तो सुटेल, उठेल. धडधाकट माणूस पेट्रोल आणेल, पट्टा बदलेल, कुणालातरी घेऊन येईल, काहीतरी करेल. मी आडवी पडले तरी चालेल. त्याचा आवाज हॉर्नने नेला होता; आता हॉर्न जोडलेला नाही, म्हणजे माझा आवाज माझ्यापाशी राहील. मीच त्याला सगळं नीट समजावीन.

चालकाच्या जागेवर बसलेय. कॅमेऱ्याच्या जोडाशी तार सोललीय, तो उघडा भाग डाव्या मनगटाला गुंडाळते.

मुंगी नाही ही. दात आहेत—

वही दिसत नाही. खिडकी दिसते. अंदाजाने लिहितेय, ओळीवर ओळ येत असेल तर—

थंडी. बोटं—

तो हलला. छाती वर आली. डोळे चोळतोय. स्वतःचे हात बघतोय, उलटे सुलटे. देवा, बघतोय तो—

उठून बसला. हसतोय. मला शोधतोय.

हाक मारली. निघाली नाही. पुन्हा. तोंड उघडतं, आवाज नाही. हॉर्न नाही तरी आवाज नाही. चुकलं माझं. आवाज तारेनेच—

खिडकीसमोरून गेला. दिसत नाही आता. रिकामी खुर्ची दिसते. पावलं ऐकू येतात. त्याचा आवाज. त्याच्या गळ्यातून. म्हणतोय, अगं मला दिसतंय, सगळं दिसतंय—

दार उघडलं. हात धरला माझा. म्हणतोय किती गार पडलीस, आणि हे इंजिन कशाला चालू, धुराने गुदमरशील—

वाकतोय माझ्यावरून.

वही पुढे करतेय. वाच. आधी हे वाच. किल्लीला हात लावू नकोस. वाच ना रे. किल्ली फिरवू न